संशोधन खुले करायचे तर: पहिल्या दिवसापासून करायची कामे

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपने, म्हणजेच जीएमआरटीने, २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर आकाशाचे एक मोठे सर्वेक्षण केले. निरीक्षणे भारतीय गटाने घेतली आणि त्यांचा कच्चा डेटा दुर्बिणीच्या संग्रहात जमा झाला. पुढे भारताबाहेरील संस्थांत काम करणाऱ्या चार खगोलशास्त्रज्ञांनी त्या डेटावर आपल्या पद्धतीने नव्याने प्रक्रिया केली आणि आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग व्यापणारी, ६ लाख २० हजारांच्या आसपास रेडिओ स्रोतांची यादी २०१७ मध्ये प्रसिद्ध करून तीही सर्वांसाठी खुली केली. त्या यादीतील एका स्रोताचा पाठपुरावा करताना २०१८ मध्ये लायडन विद्यापीठातील संशोधकांना तोपर्यंत ज्ञात असलेली सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका सापडली. मूळ निरीक्षणे घेणाऱ्यांनी ही दीर्घिका शोधायची असे ठरवले नव्हते, आणि ती शोधणाऱ्यांना दुर्बिणीवर पुन्हा तेवढा वेळ मागावा लागला नाही.

खुल्या संशोधनाची कसोटी या उदाहरणात दिसते. आपले काम ज्या अनोळखी माणसाच्या हाती पडेल, त्याला आपल्याला एकही फोन न करता ते पुढे नेता आले पाहिजे. फाइल संकेतस्थळावर चढवली म्हणजे संशोधन खुले झाले, असे नव्हे. रेडिओ खगोलशास्त्रात फाइलींचे स्वरूप, निरीक्षणांच्या नोंदी आणि संग्रहाचे नियम अनेक वर्षांपूर्वी ठरलेले असल्यामुळे ही कसोटी बरीच सोपी झाली आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा स्वयंसेवी संस्थेच्या छोट्या गटात अशी तयार व्यवस्था नसते. ती आपल्याच हाताने उभारावी लागते. पुढील मार्गदर्शन अशा गटांसाठी आहे. सोयीसाठी एकच कल्पित उदाहरण शेवटपर्यंत वापरतो: एका तालुक्यातील साठ विहिरींची पाणीपातळी आणि त्यांतील नायट्रेटचे प्रमाण दोन वर्षे मोजणारा एक गट.

कामाआधीचा कागद

पहिल्या बैठकीत एक-दोन पानांचा साधा कागद तयार करावा आणि त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. डेटा कोणाच्या मालकीचा असेल, तो खुला करण्याचा निर्णय कोण घेईल, केव्हा घेईल आणि कोणता भाग कधीच खुला होणार नाही, एवढे त्यात असावे. मालकी बहुधा संस्थेची असते आणि निधी देणाऱ्याच्याही अटी असतात. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्तपणे जाहीर केलेल्या धोरणानुसार, त्यांच्या निधीतून झालेल्या संशोधनाचे निबंध खुल्या भांडारात ठेवणे अपेक्षित आहे. म्हणून मंजुरीपत्रातील अटी आधी वाचाव्यात. संस्थेच्या कार्यालयाला त्या ठाऊक असतीलच असे गृहीत धरू नये.

खुले करण्याची मुदत तारखेनेच ठरवावी. ‘पेपर आल्यावर’ ही मुदत नव्हे, कारण पेपर केव्हा येईल हे कोणाच्याच हाती नसते आणि पहिला आला की दुसऱ्याची वाट पाहणे सुरू होते. जीएमआरटीने निरीक्षकांना १८ महिन्यांची राखीव मुदत दिली आहे. तेवढा काळ डेटा त्यांचा, नंतर सर्वांचा. आपल्या विहिरींच्या प्रकल्पासाठी ‘शेवटच्या मोजणीनंतर १२ महिने’ असे लिहिले तरी पुरे. आपल्याकडे विद्यार्थी मार्गदर्शकाला ‘सर, हा डेटा कधी खुला करायचा?’ असे सहसा विचारू शकत नाही. तो प्रश्न त्याच्या वतीने हा कागद विचारतो, आणि माझ्या मते कागदाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

श्रेयाचा प्रश्नही याच वेळी मिटवावा. कोणी काय केले हे सांगण्यासाठी ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची वर्गवारी अनेक नियतकालिके वापरतात: संकल्पना, पद्धत, प्रत्यक्ष तपासणी, डेटाची निगा, संगणक-प्रणाली, लेखन इत्यादी. विहिरीत फीत सोडून पातळी मोजणारा विद्यार्थी आणि आकडे तक्त्यात भरणारी विद्यार्थिनी यांची नावे या वर्गवारीत आपोआप बसतात. ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत ती कोंबावी लागत नाहीत. प्रत्येकाने आपला १६ अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची जगभर चालणारी स्वतंत्र ओळख, विनामूल्य काढून ठेवावा. पाटील, जाधव, कुलकर्णी या आडनावांचे संशोधक किती आहेत हे लक्षात घेतले, तर त्याची गरज वेगळी सांगायला नको.

आधी काय झाकून ठेवायचे

खुलेपणाच्या उत्साहात क्रम चुकला तर नुकसान भरून येत नाही. नव्या उपकरणाचे किंवा प्रक्रियेचे पेटंट घेण्याचा विचार असेल, तर परिषदेतील भित्तिपत्रक, प्रीप्रिंट (तज्ज्ञ-परीक्षणाआधीच खुला केलेला निबंध), यूट्यूबवरील व्याख्यान आणि शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संग्रहात चढलेला प्रबंध या सर्वांना ‘आधीच प्रसिद्ध’ ठरवले जाऊ शकते. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्षाची सवलत मिळते. भारतीय कायद्यातील सवलत काही ठरावीक प्रसंगांपुरतीच आहे आणि युरोपात ती जवळजवळ नाहीच. त्यामुळे आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करावा आणि मग प्रकाशन करावे. तात्पुरत्या अर्जानंतर संपूर्ण तपशील सादर करण्यासाठी १२ महिने मिळतात. अर्ज दाखल झाला की लेखन थांबवून ठेवण्याचे कारण उरत नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मराठी वाचकांना ‘हळदीची लढाई’ म्हणून परिचित आहे. हळदीने जखम भरून काढण्याच्या उपयोगावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. घराघरांतल्या आजींची साक्ष तेथे उपयोगी पडली नसती. उपयोगी पडले ते छापील पुरावे, आणि त्यांत भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील १९५३ चा एक निबंधही होता. आपल्याला पेटंट नको असेल आणि दुसऱ्यानेही ते घेऊ नये असे वाटत असेल, तर आपली पद्धत तारखेसह, पूर्ण तपशिलात आणि शोधता येईल अशा ठिकाणी प्रसिद्ध करणे हाच उपाय आहे. त्रोटक वर्णन येथे फारसे कामाला येत नाही. त्या विषयातील जाणकाराला ते वाचून कृती करता आली पाहिजे.

माणसांविषयीची माहिती ही वेगळी बाब आहे. रुग्णांचा किंवा घरोघरच्या सर्वेक्षणाचा डेटा खुला करायचा असेल, तर संमतीपत्रात तसे आधीच लिहिलेले असावे आणि ते नीतिसमितीने पाहिलेले असावे. नंतर गावोगाव फिरून संमती मिळवणे जवळजवळ अशक्य असते. विहिरींच्या उदाहरणात मालकाचे नाव काढून टाकल्याने काम भागत नाही, कारण अचूक अक्षांश-रेखांशावरून विहीर, शेत आणि कुटुंब ओळखता येते. अक्षांश-रेखांश दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत ठेवले तर स्थान साधारण एक किलोमीटरच्या अंतराने धूसर होते. खुल्या फाइलीत असे स्थान द्यावे आणि अचूक स्थान लेखी विनंतीवर द्यावे, हा मध्यम मार्ग मला योग्य वाटतो. जैविक नमुने परदेशातील सहकाऱ्याकडे पाठवायचे असतील, तर जैवविविधता कायदा, २००२ नुसार मंजुरी लागते का, हे पाठवण्यापूर्वी तपासून घ्यावे.

डेटा दुसऱ्याला वाचता येईल असा करणे

खरी मेहनत येथे आहे आणि ती शेवटच्या आठवड्यात होत नाही. खुलेपणाला तात्त्विक विरोध करणारे संशोधक मला थोडेच भेटले; संकोच करणारे पुष्कळ भेटले. आपली एक्सेल फाइल दुसऱ्याने उघडलेली कोणालाच आवडत नाही. तो संकोच जाण्याचा मार्ग एकच: फाइल पहिल्यापासून दुसऱ्यासाठी भरायची.

तक्त्यातील ‘नायट्रेट’ हा रकाना घ्या. त्यात १२ लिहिले आहे. पण ते नायट्रेटचे मिलिग्रॅम प्रतिलिटर, की नायट्रेटमधील नायट्रोजनचे? दोन्ही पद्धती रूढ आहेत आणि दोहोंत ४.४३ पटींचा फरक आहे. पहिल्या अर्थाने ते पाणी भारतीय मानकाच्या ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत सहज बसते. दुसऱ्या अर्थाने तोच आकडा ५३ होतो आणि पाणी पिण्यायोग्य राहत नाही. मोजणाऱ्याला हे इतके उघड असते की लिहावेसे वाटत नाही. पाणीपातळीचेही तेच: ती जमिनीपासून मोजली की कठड्यापासून? आमच्या एका जुन्या कामात पहिल्या वर्षी एकाने कठड्यापासून आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने जमिनीपासून मोजले, आणि काही विहिरींची पातळी एका वर्षात हातभर ‘वर आली’. चूक ध्यानात आली तेव्हा कठड्यांची उंची मोजायला पुन्हा प्रत्येक विहिरीवर जावे लागले.

रिकाम्या चौकटीचा अर्थही ठरवून घ्यावा. ‘मोजले नाही’, ‘मोजले पण आढळले नाही’ आणि ‘शून्य’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. उपकरणाची किमान शोधमर्यादा किती, हे लिहिल्याशिवाय दुसऱ्या गोष्टीला अर्थ येत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, म्हणजे ०३/०४ हा मार्च की एप्रिल असा वाद उरत नाही. गावाच्या नावासोबत जनगणनेतील गावाचा संकेतांक द्यावा. एकट्या महाराष्ट्रात पिंपळगाव किती आहेत हे वाचणाऱ्याने शोधत बसू नये. मोजणीचे महिने निवडतानाही दुसऱ्याचा विचार करावा. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. आपल्या साठ विहिरी त्याच महिन्यांत मोजल्या, तर आपला छोटा तक्ता त्या मोठ्या तक्त्याशेजारी ठेवता येतो आणि त्याची किंमत वाढते.

एक्सेलवर विश्वास ठेवताना जरा सावध राहावे. जनुकांच्या संक्षिप्त नावांपैकी ‘सेप्ट२’ किंवा ‘मार्च१’ अशी नावे एक्सेलने स्वतःच तारखांत बदलल्यामुळे कितीतरी प्रकाशित तक्ते बिघडले, आणि शेवटी २०२० मध्ये नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. कच्ची फाइल एकदा भरली की तिला हात लावू नये. सर्व दुरुस्त्या तिच्या प्रतीवर, आणि शक्य असेल तर आर किंवा पायथनमधील छोट्या प्रोग्रॅमने कराव्यात, म्हणजे काय बदलले याची नोंद आपोआप राहते. खुली करायची प्रत साध्या सीएसव्ही स्वरूपात आणि यूटीएफ-८ संकेतनात जतन करावी. तसे न केल्यास देवनागरीतील गावांच्या नावांऐवजी दुसऱ्याच्या पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसण्याची शक्यता असते.

फाइलीसोबत ‘रीडमी’ नावाची साधी मजकूर-फाइल हवीच. तीत प्रत्येक रकान्याचा अर्थ व एकक, उपकरण, त्याच्या अंशशोधनाच्या तारखा, नमुना घेतल्यापासून तपासणीपर्यंतचा अवधी, आणि काय बिघडले तेही लिहावे. तिसऱ्या महिन्यात रसायनांचा साठा बदलला असेल, तर ते लपवण्यासारखे काही नाही. उलट त्या महिन्यातील उडी दुसऱ्याला उलगडेल. रीडमी पूर्ण झाली की नाही हे पाहण्याची माझी पद्धत अशी: प्रकल्पाशी संबंध नसलेल्या, दुसऱ्या विभागातील एखाद्या सहकाऱ्याला सर्व फाइली द्याव्यात, ‘मे आणि नोव्हेंबरमधील नायट्रेटचा आलेख काढून दाखवा’ असे सांगावे आणि शेजारी गप्प बसावे. तो जो प्रश्न विचारेल ती रीडमीत राहून गेलेली ओळ. उत्तर तोंडी देण्याचा मोह आवरून ते लगेच फाइलीत लिहावे.

परवाना आणि जागा

परवाना न लावता ठेवलेली फाइल सर्वांना दिसते, पण ती वापरावी की नाही हे सावध माणसाला कळत नाही आणि तो ती सोडून देतो. मजकूर, आकृत्या व डेटा यांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय ४.०’ हा परवाना बहुतेक वेळा पुरतो: नाव द्या आणि हवे तसे वापरा. अनेक तक्ते एकत्र करून वापरले जाणार असतील तर ‘सीसी झीरो’ अधिक सोयीचा ठरतो. त्यात कायदेशीर अट राहत नाही, संदर्भ देण्याचा संशोधकांचा शिरस्ता मात्र राहतोच. ‘अव्यावसायिक वापरासाठीच’ ही अट अनेकांना सुरक्षित वाटते. मला ती बहुधा चुकीची वाटते, कारण तालुक्याचे वृत्तपत्र, पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक आणि शेतकऱ्यांना सल्ला देणारी छोटी कंपनी हे सारेच तीमुळे बिचकतात, आणि आपल्या निष्कर्षांची गरज अनेकदा त्यांनाच असते. संगणक-प्रणालीसाठी हे परवाने वापरू नयेत. तेथे एमआयटी, अपाची किंवा जीपीएल यांपैकी एक निवडावा.

ठेवण्याची जागा विभागाचे संकेतस्थळ किंवा कोणाचा तरी गूगल ड्राइव्ह ही नसावी. संकेतस्थळ नव्याने बांधले जाते, विद्यार्थी पदवी घेऊन जातो आणि दुवा मरतो. विषयाचे स्वतःचे भांडार असेल तर प्रथम तेथे जावे. जनुकीय क्रमांसाठी जेनबँक किंवा फरिदाबाद येथील इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे. असे भांडार नसेल तर सर्न या युरोपातील भौतिकशास्त्र संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेले ‘झेनोडो’ चांगले आहे. ते विनामूल्य आहे, एका नोंदीत साधारणतः ५० जीबीपर्यंत फाइली घेते आणि प्रत्येक नोंदीला डीओआय हा कायमचा क्रमांक देते. गिटहब या प्रोग्रॅम ठेवण्याच्या संकेतस्थळावरील आपला प्रोग्रॅम झेनोडोला जोडला, तर प्रत्येक प्रसिद्ध आवृत्तीची प्रत आपोआप तेथे जमा होते. निबंधात डेटाचा संदर्भ देताना हाच डीओआय द्यावा.

प्रीप्रिंटविषयी थोडक्यात. प्रीप्रिंटचे भांडार म्हणून भौतिकशास्त्रात आर्काइव्ह १९९१ पासून आहे आणि जीवशास्त्रात बायोआर्काइव्ह २०१३ पासून. ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा त्याचे प्रीप्रिंटविषयीचे धोरण पाहावे, सर्व सहलेखकांची लेखी संमती घ्यावी आणि निबंध पाठवण्याच्याच दिवशी प्रीप्रिंट चढवावा. आरोग्याविषयीचा निष्कर्ष असेल तर ‘तज्ज्ञ-परीक्षण झालेले नाही’ हे वाक्य पहिल्या पानावर ठळक असावे, कारण बातमीदार पुढची पाने वाचतीलच असे नाही.

अनोळखी माणसांना कामात घेणे

सहकार्यासाठी दार उघडले की लोक येतील, हा भ्रम आहे. ते येतात ते नेमका प्रश्न समोर दिसला तर. तेव्हा सिडनीत असलेले रसायनशास्त्रज्ञ मॅट टॉड यांच्या गटाला प्रॅझिक्वान्टेल या कृमिनाशक औषधाच्या रेणूच्या दोन प्रतिबिंबरूपांपैकी (डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेली रूपे) फक्त उपयोगी रूप स्वस्तात मिळवायचे होते. दुसरे निरुपयोगी तर आहेच, शिवाय कडूही आहे. त्यांनी आपल्या प्रयोगवह्या, फसलेल्या प्रयोगांसह, इंटरनेटवर उघड्या ठेवल्या आणि अडचण नेमकी कोठे आहे ते सांगितले. उपयुक्त सल्ला आला तो मुख्यतः उद्योगांतील रसायनज्ञांकडून, ज्यांची त्यांच्याशी आधी ओळखही नव्हती. २०११ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि त्याच धर्तीवर मलेरियाच्या औषधांचा खुला प्रकल्प उभा राहिला. ‘आमच्याशी सहकार्य करा’ या आवाहनाला कोणी उत्तर देत नाही; ‘या पायरीवर उत्पादन ३० टक्क्यांच्या पुढे जात नाही, काय चुकते आहे?’ याला मिळते.

दुसरी गोष्ट कामाच्या तुकड्यांची. सीएसआयआरने २००८ मध्ये क्षयरोगावरील औषधांसाठी ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ हा प्रकल्प सुरू केला आणि २०१० मध्ये त्यातील ‘कनेक्ट टू डीकोड’ या उपक्रमात देशभरातील शेकडो स्वयंसेवकांनी, ज्यांत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, क्षयाच्या जंतूच्या सुमारे ४,००० जनुकांविषयीची विखुरलेली माहिती वाचून एकत्र नोंदवली. असे काम शक्य होते ते एक जनुक हा एक तुकडा असल्यामुळे: एका माणसाला काही दिवसांत संपवता येईल असा आणि दुसऱ्याला तपासता येईल असा. विहिरींच्या प्रकल्पात एक विहीर, एक महिना हा असा तुकडा होतो. प्रत्येक दहाव्या विहिरीची मोजणी दुसऱ्या माणसाकडून, पहिला आकडा न दाखवता, पुन्हा करून घ्यावी. दोन आकड्यांतील फरक हीच आपली खरी अचूकता, आणि तीही डेटासोबत प्रसिद्ध करावी.

विचारांच्या पातळीवरील सहकार्याला वेगळा नियम लागतो. गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी २००९ मध्ये गणितातील एक अवघड प्रश्न सर्वांसमोर मांडून सुरू केलेल्या ‘पॉलिमॅथ’ प्रयोगात अपेक्षा अशी होती की, कोणीही एकांतात दीर्घकाळ विचार करून तयार उत्तर आणू नये. सुचलेला छोटा, अर्धवट, कदाचित चुकीचा विचार लगेच मांडावा. सुमारे सहा आठवड्यांत वाट सापडली आणि निबंध एका सामूहिक टोपणनावाने प्रसिद्ध झाला. आपल्याकडे वरिष्ठांसमोर अर्धवट बोलण्याची सवय नसते. म्हणून गटप्रमुखाने पहिले काही अर्धवट विचार स्वतः लिहावेत आणि त्यांतील चूक एखाद्या विद्यार्थ्याने दाखवली तर त्याचे नाव घेऊन आभार मानावेत. मग इतर लिहू लागतात.

डेटा बाहेर गेला की चुका दाखवणारी पत्रे येतातच. त्यांना घाबरून नोंद काढून टाकू नये आणि जुनी फाइल गुपचूप बदलूही नये, कारण कोणीतरी तिच्यावर आपले गणित आधीच केलेले असते. झेनोडोवर नवी आवृत्ती काढावी. तिला स्वतंत्र डीओआय मिळतो आणि जुनी आवृत्ती जागेवर राहते. रीडमीच्या शेवटी ‘बदल’ असा भाग ठेवून त्यात तारीख, कोणता रकाना, कोणत्या विहिरी, जुने मूल्य, नवे मूल्य आणि, त्याची परवानगी असेल तर, चूक दाखवणाऱ्याचे नाव लिहावे.